साहेबांनी मागितलं तेच ऑइल

माझे वडील ड्रायव्हर होते. आमचं घर चांदूर रेल्वेचं. काका लोक वांगी, मेथी, झेंडू पिकवायचे; वडिलांचा जीव मात्र गाड्यांत. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात ते चौदा वर्षं होते. गाडी सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत आणि लांबचा पल्ला मारून आले की खाली वाकून मागच्या एक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे मधल्या गोल लोखंडी डब्याला, हात लावून पाहत, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. हात किती वेळ टिकतो यावरून त्यांना आत सगळं ठीक आहे की नाही ते कळायचं.

मी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कारखान्यानं एक मोठा पिकअप ट्रक घेतला. बार्शीटाकळीकडच्या जिनिंगांवरून कापसाच्या गाठी आणायच्या होत्या. तिकडची काळी माती ओली झाली की गाडी गिळते. म्हणून मुद्दाम मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड स्लिप असलेली गाडी घेतली. साध्या गाडीचं एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरत बसतं आणि कोरड्यावरचं दुसरं नुसतं पाहत राहतं. या गाडीच्या हाउसिंगमध्ये पातळ प्लेटांची एक चळत होती. एक चाक घसरायला लागलं की त्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. पण वळणावर दोन्ही चाकं कमीजास्त वेगानं फिरतात, तेव्हा त्याच प्लेटांना एकमेकींवरून अलगद सरकताही यावं लागतं. धरायचंही आणि सोडायचंही. ते काम ऑइलचं. त्यासाठी वेगळं ऑइल येतं, डब्यावर 'एलएस' अशी अक्षरं असलेलं. हाउसिंगवर तशी पत्र्याची पट्टीच ठोकलेली होती. वडिलांनी ती पहिल्याच दिवशी वाचली.

कारखान्याच्या सगळ्या गाड्या एका साहेबांच्या ताब्यात होत्या. माणूस मूळचा अकोल्याचा, पण कारखान्याच्या फाटकातून आत शिरला की पुण्याची भाषा बोले. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा वडील त्यांना म्हणाले, "साहेब, या गाडीले दुसरं ऑइल लागते. पट्टीवर लिहेल हाय."

साहेब म्हणाले, "आपल्याकडे नव्वद नंबरचा आख्खा ड्रम पडलाय. सगळ्या गाड्यांत तेच जातं. तू ड्रायव्हर आहेस ना? स्टेअरिंग धर."

नव्वद नंबर म्हणजे गिअरचं साधं जाड ऑइल. साध्या गाडीला ते उत्तम. या गाडीत ते गेलं आणि महिनाभरात वळणावर मागून कडकड ऐकू यायला लागली. वडील दोनदा सांगायला गेले. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "तुझे कान तपासून घे."

कापसाचा हंगाम संपता संपता मूर्तिजापूरच्या अलीकडे भरलेल्या गाडीचं मागचं एक्सल जाम झालं. प्लेटांचे तुकडे क्राऊनच्या, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, दातांत अडकले होते. गाडी घसरत रस्त्यावर आडवी फिरली. वडिलांनी ती कशी आवरली, त्यांचं त्यांनाच ठाऊक. कोणाला खरचटलंही नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही घ्यायला मी कारखान्यावर गेले. फाटकावरच्या माणसानं मला गाड्यांच्या शेडकडे पाठवलं. तिथं सगळे ड्रायव्हर रांगेत उभे होते आणि वडील एका लाकडी टेबलाशी ओणवे होऊन लिहीत होते. बसायला खुर्ची दिली नव्हती. साहेब मजकूर सांगत होते, सावकाश, पोरांना शुद्धलेखन घालावं तसे. "माझ्या निष्काळजीपणामुळे... लिहिलं का, निष्काळजी... 'ष'ला 'क' जोडून... व चुकीच्या पद्धतीने गाडी चालवल्यामुळे..." वडिलांचं लिहून झालं. सही झाली. मग साहेबांनी तो कागद उचलला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "चौदा वर्षं गाडी चालवतो आणि क्लच सोडता येत नाही."

वडिलांनी मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसले. मी फॉर्म पर्समध्ये घातला आणि परत फिरले. सही मग आईनं केली.

वडिलांना फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी आडवा बांबू वर करायचा, खाली करायचा. सात महिने त्यांनी तेही केलं. मग नोकरी सोडून घरी आले आणि भावांच्या वांग्यात काम करायला लागले. घरचा टेम्पो अंगणात उभा असायचा. काका म्हणायचे, "दादा, बडनेऱ्याले माल टाकून ये ना." ते "मले जमत नाही आता" म्हणून वाफ्यांकडे निघून जायचे. घरात त्या गोष्टीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बोलायची ती आई. भाकरी थापता थापता ती त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

माझं मात्र नुसत्या शिव्यांवर भागणार नव्हतं. गाडीच्या पुस्तकातलं ऑइलचं पान मिळवलं, त्याची प्रत काढली, सोबत दोन पानी पत्र लिहिलं आणि कारखान्याला पाठवलं. उत्तर आलं नाही. आणखी एक पाठवलं. त्याचंही नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं की हा माणूस मला कधी ना कधी भेटेल, आणि भेटेल तेव्हा मी काही विसरलेली नसेन.

बी.एस्सी. झाल्यावर मैत्रिणी बी.एड.ला गेल्या. मी अमरावतीत ऑइलच्या एका घाऊक विक्रेत्याकडे कामाला लागले. लोकांना वाटलं, पोरीला नोकरी मिळाली नाही म्हणून डबे मोजते. मला ऑइलच शिकायचं होतं. रसायनशास्त्र मी पुस्तकात शिकले, पण कोणत्या गाडीत काय आणि का, हे तिथं शिकले. नंतर लग्न होऊन अकोल्याला आले. सासरचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. नवऱ्यानं बेअरिंग, सील, बुश सांभाळले. ऑइलचा काउंटर माझा झाला. सुरुवातीला गिऱ्हाईक मला पाहून विचारायचं, "मालक नाहीत का?" दोन-तीन वर्षांत तेच लोक "ऑइलवाल्या ताईले इचारा" म्हणून एकमेकांना पाठवायला लागले. मी आधी प्रश्न विचारायचे. माल किती नेता? घाट लागतो का? उन्हाळ्यात दुपारी चालवता का? आपल्याकडच्या मे महिन्यात लोखंड हाताला चटका देतं. डोंगराकडं भरलेली गाडी नेणाऱ्याला मी जरा जाड ऑइल द्यायचे. आणि मागच्या एक्सलमध्ये काय आहे, ते माहीत नसेल तर सांगायचे, "गाडी न्यूट्रल करा, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला अन् एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधं एक्सल. दोघंही एकाच बाजूनं फिरले तर पहिले मले येऊन सांगा, मग ऑइल घ्या." एलएसचं ऑइल फार खपत नाही. तरी मी दोन-चार डबे कायम ठेवायचे, अगदी माझ्या मागच्या फळीवर.

शेजारी एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. गाड्या ते खोलायचे, ऑइल माझ्याकडून घ्यायला लावायचे. "ताईनं दिलं म्हणजे बघायचं काम नाही," असं ते गिऱ्हाईकांना सांगायचे.

आणि एका वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो माणूस माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढला.

केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. पण आवाज तोच. "मॅडम, नव्वद नंबरचं ऑइल द्या. मागच्या एक्सलसाठी."

मी मान खाली घालून विचारलं, "गाडी कोणती आहे साहेब?"

त्यांनी बाहेर बोट केलं. पिकअप ट्रक. तोच, वडील चालवायचे त्याच जातीचा. फक्त रंग वेगळा आणि बराच नवा. स्टेअरिंगवर साठीकडे झुकलेला एक ड्रायव्हर बसला होता, गळ्यात मळका दुपट्टा. साहेब आपणहून सांगायला लागले. निवृत्त झालेत. बार्शीटाकळीच्या पुढे लिंबाची बाग घेतलीय. मळ्यातला रस्ता वाईट, म्हणून लिमिटेड स्लिपवाली गाडी मुद्दाम शोधून घेतली.

म्हणजे गाडीत काय आहे हे त्यांना माहीत होतं. वडिलांची गाडी गेल्यावरही या माणसानं काही शिकायचं नाकारलं होतं.

मी म्हणाले, "नव्वद नंबरच पाहिजे?"

"हो. का? काही वेगळं लागतं की काय?"

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. डबा माझ्या पाठीमागं होता. हात मागं नेला असता तर हाताला लागला असता. मी त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "तुमाले जास्त माहीत, साहेब."

ते खुश झाले. "उभं आयुष्य गाड्यांतच गेलंय आमचं," म्हणाले. मी साध्या नव्वद नंबरचे डबे काउंटरवर ठेवले. शेजारच्या मिस्त्रींकडे न जाता मळ्यातच टाकून घेऊ म्हणत त्यांनी ते गाडीत ठेवले. गाडी वळून गेली आणि मी स्टुलावर बसले. खोटं सांगणार नाही, मला फार गोड वाटलं. वाईट काहीच वाटलं नाही. नवरा म्हणाला, "काय झालं, हसून कावून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही. जुनी ओळख निघाली."

त्यानंतर मी वाट पाहायला लागले. भाजी निवडताना, दुकानाचं शटर उचलताना माझ्या डोक्यात त्या प्लेटा फिरायच्या. आता त्या सुकल्या असतील. आता वळणावर पहिल्यांदा थरथरल्या असतील. आता तो म्हणत असेल, रस्ताच वाईट आहे. मला एक्सलचं आतलं सगळं दिसायचं, आणि मी मनातल्या मनात त्याला मळ्याच्या वळणावरून पुन्हा पुन्हा गाडी न्यायला लावायचे.

संक्रांतीनंतर ते पुन्हा आले. या वेळी ड्रायव्हरही सोबत पायऱ्या चढून आला होता.

"मॅडम, वळणावर मागून आवाज येतो. जाड ऑइल टाकून पाहावं म्हणतो. एकशेचाळीस नंबर आहे ना?"

ड्रायव्हर मागून दबकत म्हणाला, "साहेब, मी गाडीचं पुस्तक पाह्यलं. त्याच्यात येगळंच ऑइल लिहेल हाय. ताईले एकदा इचारून तर पाहा."

साहेब मागं न वळता म्हणाले, "तुला वाचायला ठेवलंय का मी? तू गाडी चालव."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला खात्री होती की आता ताई बोलेल. मी फळीवरून एकशेचाळीस नंबर काढला आणि साहेबांपुढं ठेवला. म्हणाले, "साहेब म्हणतात तसं करून पाहा."

ड्रायव्हर पायऱ्या उतरून गेला. त्याची पाठ मला तेव्हा दिसली नाही असं नाही. दिसली. पण मला साहेबाची मान पाहायची होती, आणि ती अजून ताठ होती.

मार्चच्या शेवटी, ऐन लिंबाच्या तेजीत, एका ट्रॅक्टरनं ती गाडी ओढत आणून मिस्त्रींच्या गॅरेजपुढं सोडली. दुपारची वेळ होती, रस्त्यावर माणूस नव्हतं. मिस्त्रींनी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, एक्सल उतरवलं आणि ऑइलचा बोल्ट सोडला. जळक्या ऑइलचा वास माझ्या काउंटरपर्यंत आला. तसराळ्यात उतरलेलं ऑइल काळंकुट्ट होतं आणि त्यात चांदीसारखी चकाकी तरंगत होती. मिस्त्रींनी प्लेटा काढून फडक्यावर मांडल्या. कडेनं निळ्या पडलेल्या, दोन तुटलेल्या. मी दारात उभी राहून डोळे भरून पाहिलं. साडेचार महिने नव्हे, कितीतरी वर्षं मी हे पाहायची वाट बघत होते.

आणि मग साहेबांचा आवाज चढला. माझ्यावर नाही. ड्रायव्हरवर.

"आख्खी गाडी खाल्लीस! वीस वर्षं ड्रायव्हरकी केली म्हणतोस आणि क्लच सोडता येत नाही? निष्काळजीपणा आहे हा, दुसरं काही नाही. लिहून दे मला. आत्ता लिहून दे."

ड्रायव्हर फडक्यावरच्या प्लेटांकडे पाहत उभा होता. आवाज ऐकून पाच-सहा माणसं जमली होती. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "काय लिहू साहेब?"

मी बदला घ्यायला निघाले होते आणि माझ्या हातानं दुसऱ्या एका माणसाला त्याच टेबलाशी आणून उभं केलं होतं. मी पायऱ्या उतरून गॅरेजमध्ये गेले.

"त्याईनं काही लिहायचं नाही," मी म्हणाले. "क्लचचा काही संबंध नाही. ऑइल चुकलं."

साहेब वळले. "ऑइल तर तुम्हीच दिलंत."

"हो. तुमी मागितलं ते दिलं. या गाडीत ते चालत नाही. अन् मले ते माहीत होतं. दोन्ही वेळेस माहीत होतं."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला. नवरा दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला होता. त्यानं पहिल्यांदाच हे ऐकलं.

साहेब एक पाऊल पुढं आले. मग म्हणाले, "मुद्दाम? कशासाठी? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

मी त्यांना कारखाना सांगितला. गाडी सांगितली, शेड, टेबल, रांगेत उभे केलेले ड्रायव्हर. वडिलांचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "त्यांची पोरगी आहे मी. तुमी त्यांचा कागद वाचून दाखवला तेव्हा मागं उभी होती."

ते कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. खरंच आठवत राहिले; नाटक नव्हतं. शेवटी म्हणाले, "गाडी आठवते. मूर्तिजापूरला क्राऊन गेला होता. ड्रायव्हर कोण होता... नाही बुवा. माझ्या हाताखाली चाळीसेक ड्रायव्हर होते."

याची मला कल्पनाच नव्हती. मी ज्या माणसाला रोज उठून आठवत होते, त्याच्या लेखी माझे वडील चाळिसातले एक होते, आणि तेही नीट आठवत नव्हते. मला त्या तसराळ्यातलं काळं ऑइल उचलून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतावंसं वाटलं. माझा हात तिकडे गेलाही असता, पण समोर तो ड्रायव्हर उभा होता.

मी म्हणाले, "मग आता तुमी लिहा. मी सांगते तसं."

"वेड लागलं काय बाई तुम्हाला?" ते मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, तुम्ही एक्सल चढवायचं बघा. नवीन प्लेटा मागवा. माझा माल झाडावर पिवळा पडून राहिलाय." घाईत त्यांची पुण्याची भाषा सुटली होती.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. ते हातरुमालानं एकेक बोट पुसत म्हणाले, "साहेब, या ड्रायव्हरकडून तुमी लिहून घेऊन राहिले होते ना? मग आता तुमी लिहा. तोवर मी एक्सल चढवत नाही. अन् या लाइनीतला कोणी चढवणार नाही."

दुसऱ्या गॅरेजचा एक जण मागून म्हणाला, "नाहीच चढवणार."

गाडी घोड्यांवर, एक्सल जमिनीवर, प्लेटा फडक्यावर. साहेबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या दुकानाच्या पॅडवर, मिस्त्रींच्या पत्र्याच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी लिहिलं. खुर्ची होती. मी ती पायानं मागं सरकवली. हे मी केलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मी मजकूर सांगितला, सावकाश. "गाडीत कोणतं ऑइल टाकायचं ते मी ठरवलं. ड्रायव्हरनं सांगितलं ते मी ऐकलं नाही. नुकसान माझ्या चुकीमुळे झालं. ड्रायव्हरचा दोष नाही."

"कोणत्या गाडीचं, ते लिहू?" त्यांनी विचारलं.

"नका लिहू. गाडीही नको, ड्रायव्हरचं नावही नको. ड्रायव्हर दोन आहेत, दोन प्रती करा."

एक प्रत मी ड्रायव्हरला दिली. दुसरी स्वतःजवळ ठेवली. साहेब गेल्यावर मिस्त्रींना मी 'बरं झालं तुम्ही होते' असं काहीसं म्हणायला गेले. ते म्हणाले, "ताई, ते मी त्या ड्रायव्हरसाठी लिहून घेतलं. तुमच्यासाठी नाही." आणि त्यांनी प्लेटा फडक्यात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी चांदूरला गेले. वडील अंगणात वांगी निवडत बसले होते, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. मी तो कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, वाचला. सही ओळखली. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरतील.

ते म्हणाले, "हे कसं झालं?"

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, उलट जरा चढवूनच सांगितलं.

"प्लेटा निळ्या पडल्या होत्या?"

"हो बाबा. दोन तर तुटल्या."

"म्हणजे चार महिने गाडी वरडत होती. अन् तुले समजत होतं."

मी समोरचं एक वांगं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"तो ड्रायव्हर भरलेली गाडी घेऊन रोज रोडवर जात होता. एक्सल जाम झालं असतं तर? मायं झालं होतं तसं? मी गाडी कशी धरली, मले माहीत. त्याले धरता आली असती का?" त्यांचा आवाज मी आजवर कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "त्या साहेबाले अक्कल नोती. त्याले माहीतच नोतं. तुले माहीत होतं, बाई."

"तुमच्यासाठी केलं बाबा."

"मी सांगतलं होतं?"

त्यांनी कागदाची घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि उरलेली वांगी निवडायला घेतली.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्या हातातून कागद ओढला. तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून मला म्हणाली, "वाच, मोठ्यानं वाच." मी वाचला. ती म्हणाली, "अजून एकदा." दुसऱ्यांदा वाचला तेव्हा पलीकडच्या अंगणात काकू धुणं वाळत घालायची थांबली होती. "त्याले उभ्यानं लिहायले लावलं?" आईनं विचारलं. मी हो म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसली; हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो कागद आता तिच्याकडे आहे, कुठं ठेवलाय ते ती वडिलांना सांगत नाही.

वडील माझ्याशी तीन महिने नीट बोलले नाहीत. फोन उचलला की "आईले देतो" म्हणायचे. पुढं ते निवळलं, पण पूर्वीसारखं मात्र नाही झालं. टेम्पो त्यांनी अजूनही हातात घेतलेला नाही.

त्या ड्रायव्हरनं साहेबांची नोकरी सोडली. मूर्तिजापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेची गाडी तो चालवतो हे कळल्यावर मी त्याला भेटायला गेले. कलमांच्या पिशव्या गाडीत चढवता चढवता त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तुमचं साहेबाशी होतं तर साहेबाले गाठायचं होतं. मले कावून मधात घेतलं?"

मी म्हणाले, "चुकलं माझं, भाऊ."

"त्या दिवशी मी तुमच्याकडे पाह्यलं होतं," तो म्हणाला. "तुमी बोलान असं वाटलं होतं." आणि पुढची पिशवी उचलायला गेला. त्याच्या गाडीचं ऑइल तो दुसरीकडून घेतो.

मिस्त्री पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवत नव्हते. मग हळूहळू पाठवायला लागले. पण आता कोणी पांढऱ्या केसांचा माणूस मोठी गाडी घेऊन आला की ते आधी स्वतः पायऱ्या चढून येतात आणि हळूच विचारतात, "ताई, याच्याशी काही जुनी दुश्मनी तर नाही ना?" ते हसून विचारतात, पण उत्तर मिळेपर्यंत जागचे हलत नाहीत.

मी नाही म्हणते, गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारते आणि योग्य तोच डबा देते. पण कोणी मला खरं विचारलं तर खरं सांगेन. ते साहेब आज पुन्हा माझ्या पायऱ्या चढले आणि त्यांनी नव्वद नंबर मागितलं, तर मी तेच त्यांच्यापुढं ठेवीन. फक्त आधी बाहेर जाऊन पाहून येईन, स्टेअरिंगवर कोण बसलंय ते. साहेब स्वतः बसले असले तर दोन डबे जास्तीचे देईन.